दोन घरं, दोन चुली, एक जोडीदार : सोलापुरात असं कोणी राहतंय का?

बिनघाईची बाई (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे. आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे प्रस्तावनेशिवाय मला मुद्द्यावर येता येत नाही. घाई असेल त्यांनी खाली जावं.

माझं वय ६३. यजमान रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून हिंजवडीत, मुलगी बेळगावला. फ्लॅट माझा, माझ्या पगारातून हप्ते फेडलेला.

हिराचंद नेमचंद वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर एका गृहस्थांशी ओळख झाली. वय ६८. चादरींच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे विणीतच उठणाऱ्या नक्षीची, डिझाइनं काढण्यात त्यांची हयात गेली. घर पूर्व भागात, घरची भाषा तेलुगू. पण मराठी शब्दकोडं माझ्या आधी येऊन सोडवून मोकळे व्हायचे, आणि तेही पेनानं. पेनानं भरलेलं कोडं दुसऱ्याच्या काय कामाचं? आमचं पहिलं भांडण त्यावरून झालं. त्यांच्या मंडळी कॅन्सरनं गेल्या. एक मुलगी हैदराबादला असते.

आता आमचं असं चाललंय. शनिवारी संध्याकाळी ते माझ्याकडे येतात किंवा मी त्यांच्याकडे जाते. सोमवारी सकाळी ज्याचा तो आपल्या घरी. शनिवारी नळाला पाणी असेल तर बेत रद्द. बाहेरगावच्यांसाठी सांगते, सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणूस प्रेमबिम बाजूला ठेवून पिंप भरत असतो. त्यांच्या भागाचा आणि माझ्या भागाचा पाण्याचा दिवस वेगळा. पत्रिका बघणाऱ्यांनी हाही गुण धरायला हरकत नाही.

त्यांना लग्न करायचंय. मला नाही.

लोकांना वाटतं पेन्शनसाठी. लग्न केलं तर रेल्वेकडून मिळणारं यजमानांचं कुटुंब निवृत्तिवेतन बंद होईल हे खरं, पण माझं स्वतःचं पेन्शन मला पुरून उरतं. कारण दुसरंच आहे. मालगाडीला वेळापत्रक नसतं. रात्री दोनला रेल्वेचा कॉलबॉय ड्यूटीचा निरोप घेऊन दार वाजवायचा की मी उठून भाकरी थापायची, पिठलं किंवा शेंगाचटणी डब्यात भरायची, आणि सकाळी सातला शाळेत हजर. यजमान वाईट नव्हते हो, मुळीच नव्हते. पण माझी झोप कायम दुसऱ्याच्या ड्यूटीला बांधलेली. आता मी उशिरा उठते. कडक भाकरी विकत आणते, आमटीत कुस्करते, झालं जेवण. ही सकाळ मला कुणालाही द्यायची नाही, कितीही चांगला माणूस असला तरी.

मागच्या वर्षी मैत्रिणीच्या आग्रहानं एका मोठ्या शहरात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनच्या मेळाव्याला गेले होते. छातीवर नंबराचा बिल्ला, एकेकानं माईकवर येऊन स्वतःची माहिती सांगायची. पुरुष सांगत होते : स्वतःचा फ्लॅट, पेन्शन, शुगर नाही, अपेक्षा साधी घरगुती स्वभावाची, स्वयंपाकाची आवड असणारी. बायका सांगत होत्या : सुनेशी पटत नाही, भाडं परवडत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला माझं घर सोडायचं नाही आणि रोजचा स्वयंपाक करायचा नाही. सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, मग तुम्हाला नेमकं हवंय काय?" सगळं सभागृह हसलं. समाजाच्या चौकटी मोडणारे आजी-आजोबा म्हणून यांचे फोटो छापून येतात. आत जाऊन बघावं तर लग्न तेवढं काढून टाकलंय, पोळपाट होता तिथंच आहे.

शेजारच्या बायका आधी विधवा म्हणून हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या, आता या कारणानं बोलवत नाहीत. त्यांचं वाण दोन्हीकडून वाचलं. मुलगी समजूतदार आहे. मुलगा म्हणतो, "आई, एकदाचं लग्न करून टाक, म्हणजे लोकांना सांगता येईल." त्याला आईला जोडीदार असण्याची अडचण नाही, जोडीदार आपल्या घरी परत जातो याची आहे!

आता प्रश्न. मध्यंतरी यांची अँजिओप्लास्टी झाली. दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'मैत्रीण' लिहिलं. काउंटरवरच्या मुलीनं ते खोडलं आणि म्हणाली, "नातेवाईक आणा." मग ज्या पुतण्याशी यांचं धड बोलणंही नव्हतं, त्याला बोलावून सही घ्यावी लागली. मी बाहेर बाकड्यावर. तेव्हापासून डोक्यात आहे की दोन घरं ठेवून राहणाऱ्यांनी कागदपत्रं कोणती करावीत? आणि असं राहणारं दुसरं कोणी आहे का इथं, निदान सोलापूर-पुण्याकडे?

होटगी रोड

बाई, तुम्ही शिक्षिका होता म्हणता म्हणून लिहितोय. ६३ व्या वर्षी देवाधर्माचं बघायचं की हे? उद्या नातवंडांनी विचारलं की हे आजोबा सोमवारी कुठं जातात, तर काय सांगणार? लग्न करायचं तर करा, विधवाविवाहाला आता कोणी नाव ठेवत नाही. पण हे म्हणजे जबाबदारी नको, फक्त मजा. तरुण पोरांनी केलं की आपणच त्यांना नावं ठेवतो.

पूर्वभागकर

मावशी, लय भारी लिहिलंय. होटगी रोडवाले काका, नातवंडांना सांगायचं की आजोबा पाणी भरायला गेले. त्यात काय एवढं.

मी त्याच भागातला. आमची आई विड्या वळायची. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठायची नाही, सूप मांडीवर आणि कान रेडिओला. गल्लीतल्या निम्म्या बायका तेच काम करायच्या. त्यात नवरा गेलेल्या होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. दोघी-तिघींनी दुसरा घरोबा केला होता. ना मांडव ना वाजंत्री. एक मिलवाले काका लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडल्यावर आयुष्यातून उठले, त्यांना ज्या बाईनं सांभाळलं ती त्यांची लग्नाची नव्हती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. कोणी मेळावा भरवला नाही, कोणी फोटो छापला नाही. सांगायचा मुद्दा हा की गरिबाघरी हे आधीपासून हाय की. पाट लावायची रीत कितीतरी जातींत होतीच. फ्लॅटवाल्यांनी केलं की त्याला क्रांती म्हणतात.

आणि नियमाबाहेरच्या नात्याचं म्हणाल तर आपलं गाव दर जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, काय करतं? कुंभाराच्या पोरीला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, ते नाही म्हणाले. मग तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. त्याच्या अक्षता टाकायला सम्मती कट्ट्यापाशी अख्खं सोलापूर उभं असतं, बाराबंदी घालून, नंदीध्वज नाचवत. होटगी रोडवाले काका पण अक्षता टाकत असतील. तिथं कोणी विचारत नाही की नवरदेव सोमवारी कुठं असतो.

होटगी रोड

देवाच्या गोष्टी माणसाला लावू नका. सिद्धेश्वरांच्या अक्षतेची तुलना असल्या प्रकाराशी करणं शोभत नाही.

पूर्वभागकर

तुलना नाही केली काका. अक्षता टाकताना तुम्ही बाजूला उभे होता एवढंच म्हणलं.

कोथरूडची पाहुणी

बाई, तुमचं लिखाण आवडलं, पण पोळपाटाचं वाक्य मला लागलं. कारण ती पोळ्या करणारी बाई मी आहे.

मी मूळची बार्शीची. नवरा गेला तेव्हा माझ्या नावावर काही नव्हतं. शिक्षण नववी. मुलाकडे राहिले, तिथं स्वयंपाक मीच करत होते, धुणंही मीच, आणि जेवताना ताटात काय वाढून घ्यावं याचाही विचार करायचा. मग एका बाईंनी पुण्यातल्या मंडळाचं सांगितलं. माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ काढलं, ते. गुजरातेत नटुभाई पटेल यांनी २००१ च्या भूकंपानंतर एकट्या पडलेल्यांच्या जोड्या जुळवायला सुरुवात केली होती, हे मला नंतर कळलं. आम्ही दोघं चार-सहा वेळा भेटलो, एकदा सगळ्यांबरोबर सहलीला गेलो, मग ठरवलं.

पोळ्या मी मुलाकडेही करत होते आणि इथंही करते. फरक एवढाच की इथं येण्याआधी मी अट घातली : बँकेत माझ्या नावावर ठेव, माझं वेगळं पासबुक, आणि तुमच्यामागे या घरात किती दिवस राहता येईल ते लिहून द्यायचं. त्यांच्या मुलांसमोर बसून सगळं ठरलं. मुलांचे चेहरे काही गोड नव्हते. पण लग्न नाही, फ्लॅटवर बाईचा हक्क नाही, म्हणून तेही गप्प बसले. लग्न केलं असतं तर भांडणं झाली असती. खरं सांगायचं तर या मंडळींत निम्मी जोडपी बिनलग्नाची राहतात ती विचारानं नव्हे, मुलांच्या वाटण्यांमुळे.

तुमच्याकडे पेन्शन आहे, फ्लॅट आहे, म्हणून तुम्हाला सोमवारी घरी जाता येतं. मला सोमवारी जायला घर नव्हतं. सभागृह तुम्हाला हसलं हे वाईटच झालं, तिथं मी असते तर हसले नसते. पण माईकवर 'भाडं परवडत नाही' म्हणणाऱ्या बाईला हसू नका तुम्ही.

बाकी आमचे हे आता रविवारी मटण करतात. चांगलं होत नाही, पण करतात.

बिनघाईची बाई

कोथरूडच्या ताई, तुमचा मुद्दा मान्य. मी त्या बायकांना हसत नव्हते, पण वाक्यातून तसं वाचलं जातं खरं. माझा राग माईक ज्यांच्या हातात होता त्यांच्यावर. तुम्ही ठेवीची अट घातलीत तशी अट घालायला त्या मेळाव्यात कोणी सांगत नव्हतं. पुरुषांना 'अपेक्षा काय' विचारत होते, बायकांना 'अडचण काय'. पासबुक आधी आणि चहा नंतर, असं तुमच्यासारख्या कोणीतरी त्या व्यासपीठावर उभं राहून सांगायला हवं.

होटगी रोड, नातवंडाला माहीत आहे. त्यानं एवढंच विचारलं की त्या आजोबांकडे जुन्या डिझाइनचे कागद आहेत ते चौकटीचौकटीचे का असतात. त्यांनी त्याला दोन तास बसवून मोर कसा चौकटीत भरतात ते शिकवलं. जबाबदारी नको म्हणता, तर अँजिओप्लास्टीनंतर पंधरवडाभर पथ्याचं मी बघितलं, त्यांच्या घरी राहून. रोजच्या भाकऱ्या आणि आजारपण यांत मी फरक करते.

करमाळा ते कोल्हापूर

हळदीकुंकवाचं वाचून लिहावंसं वाटलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचं देशभर कौतुक झालं. त्यामागे आपल्या जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांचा पाठपुरावा होता, हे सोलापुरातच अनेकांना ठाऊक नाही. त्याच महिन्यात सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मात्र परिपत्रक गावांसाठी, जुळे सोलापूरच्या अपार्टमेंटांना कोण सांगणार? तुमच्या सोसायटीत तुम्हीच हळदीकुंकू ठेवा आणि सगळ्यांना बोलवा. कोण येतं ते तरी कळेल.

मला स्वतःला दोन घरांचा प्रकार पटत नाही. एकत्र राहिल्याशिवाय माणूस कळत नाही. पण ते तुमचं तुम्ही बघा.

काळा कोट खुंटीला

बाई, वकिली थांबवली आहे, तरी कागदाचा प्रश्न दिसला की हात शिवशिवतो. हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. सही करण्याआधी चालू वकिलाला दाखवा.

आधी कायदा तुमच्याकडे कसा बघतो ते. दोन सज्ञान माणसांनी बिनलग्नाचं एकत्र राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये खुशबू प्रकरणात स्पष्ट म्हटलंय. शेजारणींना एवढं पुरे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'लग्नासारख्या नात्या'तल्या बाईला संरक्षण आहे. कोथरूडच्या ताई बहुधा त्यात बसतील. तुम्ही बसणं अवघड. २०१० च्याच वेलुसामी निकालात कसोट्या दिल्या आहेत : जगासमोर नवरा-बायकोसारखं वावरणं, बराच काळ एका घरात राहणं वगैरे. आणि त्यात सरळ लिहिलंय की नुसते शनिवार-रविवार एकत्र घालवले म्हणून असं नातं होत नाही. म्हणजे तुमची राहणी न्यायालयानं नेमकी हेरली होती आणि नेमकी बाहेर ठेवली. पोटगी, वारसा, काही नाही. जे हवं ते लिहूनच घ्यावं लागणार.

पेन्शनचं तुम्ही म्हणता ते रेल्वेपुरतं बरोबर. तुमचं स्वतःचं निवृत्तिवेतन लग्न केलं तरी थांबत नाही. ज्या वाचकांचं कुटुंब निवृत्तिवेतन राज्य सरकारचं आहे त्यांनी कोषागारात विचारावं, केंद्राचे आणि राज्याचे नियम एक धरून चालू नये.

आता दवाखाना. काउंटरवरच्या मुलीनं 'मैत्रीण' खोडलं, पण खरं विचाराल तर पुतण्याचीही गरज नव्हती. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याची स्वतःची लागते. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान रुग्णाच्या आईनं दिलेली संमतीही ग्राह्य धरली नव्हती. नातेवाइकाची सही मागतात त्यामागे बिलाची हमी आणि उद्याची भांडणं टाळणं हेच जास्त असतं. पुढच्या वेळी दाखल होतानाच त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यावं की माझ्या आजाराची माहिती या बाईंना द्यावी, निर्णयात यांना विचारावं. डॉक्टरच्या हातात कागद असला की त्यालाही बरं वाटतं.

शुद्ध गेली तर काय, यासाठी वैद्यकीय पूर्वसूचनापत्र, म्हणजे लिव्हिंग विल. २०१८ च्या निकालानं ते मान्य झालं, तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. पण हे अखेरच्या, बरं न होणाऱ्या अवस्थेत उपचार किती ताणायचे यापुरतं, अँजिओप्लास्टीच्या फॉर्मसाठी नव्हे. त्यात तुमचं नाव घालायला सांगा आणि हैदराबादच्या मुलीचंही घाला. तिला वगळलंत तर ऐन वेळी तीच दारात उभी राहील. अनेक जण मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. माणसाचं भानच गेलं की त्या कागदात दम राहत नाही.

बँक ठेवीला नॉमिनी म्हणून एकमेकांची नावं लावता येतात, रक्ताचं नातं लागत नाही. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे हातात येतील, पण वारस मागायला येऊ शकतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा एकदा सांगितलं. म्हणून मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण या वयात, या परिस्थितीत दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. साक्षीदार दोन, त्यांच्यासमोर सही.

एक विचारायचं राहिलं : त्यांचं पूर्व भागातलं घर स्वकष्टाचं की वडिलोपार्जित? वडिलोपार्जित असेल तर पुतण्याशी बोलणं का नसतं ते मला न विचारता कळलं.

बिनघाईची बाई

वकीलसाहेब, कळलंच तुम्हाला. घर वडिलांचं, वाटणी तोंडी झालेली. वर माडी यांनी स्वतःच्या पैशानं चढवली. मला त्यातलं काही नको आणि माझा फ्लॅट त्यांना नको, तो मुलांचा. मला फक्त एवढं हवंय की त्यांचं काही झालं तर त्यांच्या डिझाइनचे कागद रद्दीत जाऊ नयेत, ते माझ्याकडे यावेत. आणि माझं काही झालं तर माझी पुस्तकं त्यांना मिळावीत. मृत्युपत्रात असलं लिहिता येतं का? साक्षीला माझा मुलगा चालेल का?

काळा कोट खुंटीला

येतं. कागद आणि पुस्तकं ही जंगम मालमत्ताच. पण 'सर्व डिझाइनचे कागद' असं मोघम नको, कुठल्या ट्रंकेत, साधारण किती, कोणत्या कारखान्याच्या काळातले ते लिहा. कारखान्याचे कागद असतील तर मालकाचा दावा येऊ शकतो, तेही तपासा. घराबद्दल त्यांना मृत्युपत्रात काही लिहायचं असेल तर तोंडी वाटणी आधी कागदावर आणा, नाहीतर भांडणं होतील.

मुलगा साक्षीला नको. ज्याला काही मिळणार आहे त्याला त्यात ओढू नये, उद्या मुलगीच म्हणेल दादानं लिहून घेतलं. दोघांपैकी एक साक्षीदार तुमचा नेहमीचा डॉक्टर असेल तर उत्तम. शुद्धीत असल्याचा त्याचा दाखला सोबत जोडा.

पूर्वभागकर

दुसरा साक्षीदार मी येतो मावशी, आधार कार्ड घेऊन. मला काय मिळणार नाही ना त्यात? मग चालतंय.

बिनघाईची बाई

चालेल, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठव. वकीलसाहेब, शेवटचं. हे म्हणतात एकच मृत्युपत्र दोघांच्या नावानं करू, खर्च वाचेल.

काळा कोट खुंटीला

नको. वेगवेगळीच करा. एक जण गेल्यावर संयुक्त मृत्युपत्र दुसऱ्याला बदलता येतं की नाही यावर वर्षानुवर्षं दावे चालतात. आणि वाचणारा खर्च तो कितीसा.